वारसाहक्काच्या संपत्तीचे संरक्षण आणि खाजगी न्यास : भारतीय कायद्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : आयुष्यभराच्या कष्टातून साठविलेली संपत्ती वारसाच्या हाती पडताच उधळली जाऊ नये, अथवा त्याच्या धनकोंनी ती जप्त करू नये, अशी इच्छा अनेक आईवडिलांच्या मनात असते. खाजगी न्यास हे या इच्छेच्या पूर्तीचे एक कायदेशीर साधन आहे. तथापि या साधनाला भारतीय कायद्याने निश्चित मर्यादा घातल्या आहेत. प्रस्तुत लेखात न्यासाची संकल्पना, इंग्लंड व अमेरिका येथील त्याचा विकास, भारतीय कायद्यातील संबंधित तरतुदी, न्यासाच्या रचनेचे पर्याय आणि धनकोंच्या हक्कांचा प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : खाजगी न्यास, न्यासकर्ता, विश्वस्त, लाभार्थी, धनको, मृत्युपत्र, विवेकाधीन न्यास.

१. प्रस्तावना :

‘ट्रस्ट’ हा शब्द उच्चारताच महाराष्ट्रातील प्राध्यापकांच्या डोळ्यांसमोर शिक्षणसंस्था, देवस्थान किंवा रुग्णालय उभे राहते. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, हिशेबपत्रके, बदल अर्ज या गोष्टी आपल्या परिचयाच्या असतात. हे सर्व सार्वजनिक न्यास होत व त्यांचे नियमन महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये होते. परंतु कुटुंबातील एका किंवा काही निश्चित व्यक्तींच्या हितासाठी निर्माण केलेला खाजगी न्यास हा वेगळा प्रकार आहे. त्याला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो आणि धर्मादाय आयुक्तांचा त्याच्याशी संबंध येत नाही. या दुसऱ्या प्रकाराविषयी सुशिक्षित वर्गातही पुरेशी माहिती आढळत नाही.

वारसाच्या उधळेपणापासून संपत्ती वाचविण्याचा प्रश्न नवा नाही. प्राचीन रोममध्ये द्वादशपट्ट कायद्यात वडिलोपार्जित संपत्ती उधळणाऱ्या व्यक्तीवर पालक नेमण्याची सोय होती. मुंबई इलाख्यात १९०५ च्या कोर्ट ऑफ वॉर्ड्स कायद्याने जमीनदारांच्या मालमत्तेचा कारभार विशिष्ट परिस्थितीत सरकारी देखरेखीखाली घेता येत असे. या दोन्ही व्यवस्थांमध्ये बंधन बाहेरून, म्हणजे राज्यसत्तेकडून येत असे. न्यासाचे वैशिष्ट्य असे की, येथे संपत्तीचा मालकच आपल्या इच्छेने व आगाऊ बंधनाची योजना करतो.

२. न्यासाची संकल्पना :

भारतीय न्यास अधिनियमाच्या कलम ३ मधील व्याख्येचा आशय असा की, मालकाने दुसऱ्याच्या हितासाठी स्वीकारलेल्या विश्वासातून मालकीला जे दायित्व चिकटते, ते म्हणजे न्यास होय. जो विश्वास ठेवतो तो न्यासकर्ता, जो तो स्वीकारतो तो विश्वस्त आणि ज्याच्या हितासाठी हे सारे होते तो लाभार्थी. कागदोपत्री मालकी विश्वस्ताकडे राहते आणि उपभोगाचा हक्क लाभार्थीकडे जातो. संपत्तीच्या संरक्षणाची सारी शक्यता मालकी व उपभोग यांच्या या विभागणीत दडलेली आहे. जे वारसाच्या मालकीचे नाही ते त्याला विकता येत नाही, आणि जे त्याला विकता येत नाही ते सामान्यतः त्याच्या धनकोलाही घेता येत नाही.

कलम ६ नुसार न्यास निर्माण होण्यासाठी न्यासकर्त्याचा हेतू, न्यासाचे प्रयोजन, लाभार्थी आणि न्याससंपत्ती या चार गोष्टी वाजवी निश्चिततेने व्यक्त व्हाव्या लागतात. न्यास मृत्युपत्राने निर्माण केलेला नसेल अथवा न्यासकर्ता स्वतःच विश्वस्त नसेल, तर संपत्ती विश्वस्ताकडे हस्तांतरित करणेही आवश्यक असते. कलम ५ नुसार स्थावर संपत्तीचा न्यास हयातीत करावयाचा असल्यास तो लेखी, स्वाक्षरीत व नोंदणीकृत दस्तऐवजाने करावा लागतो; अन्यथा तो मृत्युपत्राने करता येतो. कलम ४ नुसार न्यासाचे प्रयोजन कायदेशीर असले पाहिजे. लबाडीच्या किंवा दुसऱ्याच्या शरीरास वा संपत्तीस इजा पोहोचविणाऱ्या प्रयोजनासाठी केलेला न्यास शून्य ठरतो.

३. इंग्लंड व अमेरिका : दोन भिन्न मार्ग :

भारतीय तरतुदी समजण्यासाठी त्यांची पार्श्वभूमी पाहणे उपयुक्त ठरते. इंग्लंडमध्ये १८११ साली ब्रँडन विरुद्ध रॉबिन्सन या खटल्यात लॉर्ड एल्डन यांनी एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. एखाद्याला तहहयात उत्पन्न दिल्यानंतर ‘ते त्याने हस्तांतरित करू नये’ असे नुसते बंधन घालता येत नाही. कारण हस्तांतरणाचा अधिकार हा हितसंबंधाचाच एक भाग आहे. मात्र ‘तो नादार होईपर्यंतच’ त्याला उत्पन्न मिळेल, अशी मर्यादा देणगीतच घालता येते. या सूक्ष्म भेदातून इंग्लंडमध्ये ‘संरक्षक न्यास’ विकसित झाला आणि ट्रस्टी अधिनियम, १९२५ च्या कलम ३३ मध्ये त्याला वैधानिक रूप मिळाले. लाभार्थी नादार झाला किंवा त्याने आपला हक्क गहाण टाकण्याचा प्रयत्न केला की त्याचा निश्चित हक्क संपतो, आणि त्यानंतर विश्वस्त स्वविवेकाने तो, त्याचा जोडीदार व त्याची मुले यांच्यासाठी उत्पन्न खर्च करतात.

अमेरिकेने याहून पुढचे पाऊल टाकले. १८७५ साली निकोल्स विरुद्ध ईटन या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा बंधनांना अनुकूल मत व्यक्त केले. १८८२ साली मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयापुढे ब्रॉडवे नॅशनल बँक विरुद्ध ॲडम्स हा खटला आला. एका गृहस्थाने ७५,००० डॉलर विश्वस्तांकडे ठेवून त्यांचे उत्पन्न आपल्या भावाला धनकोंच्या हस्तक्षेपाविना द्यावे, असे मृत्युपत्रात लिहिले होते. न्यायालयाने ही अट वैध ठरविली. देणगी देणाऱ्याला आपल्या औदार्यास अटी जोडण्याचा हक्क आहे आणि धनकोने कर्ज देण्यापूर्वी चौकशी केली असती तर त्याची फसगत झाली नसती, असा त्यामागील युक्तिवाद होता. अशा न्यासाला तेथे ‘स्पेंडथ्रिफ्ट ट्रस्ट’ म्हणजे उधळ्यासाठीचा न्यास म्हणतात. हार्वर्डचे विधिज्ञ जॉन चिपमन ग्रे यांनी १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या विचारावर टीका केली. सज्ञान माणसाला उत्पन्न उपभोगू देऊन देणी मात्र बुडवू देणे हे त्यांना तत्त्वतः अमान्य होते.

४. भारतीय कायद्याची भूमिका :

मॅसॅच्युसेट्समध्ये वरील निकाल लागला त्याच वर्षी, म्हणजे १८८२ साली, भारतात न्यास अधिनियम आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम हे दोन्ही कायदे संमत झाले. त्यांनी अमेरिकेचा मार्ग तर स्वीकारला नाहीच, पण इंग्लंडमधील मर्यादित सवलतही नाकारली. या संदर्भातील तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) हस्तांतरणावरील बंधन : मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १० नुसार, संपत्ती देताना ती पुढे हस्तांतरित करण्यास संपूर्ण मनाई करणारी अट शून्य असते, देणगी मात्र कायम राहते.

(आ) नादारीची अट : कलम १२ नुसार, लाभार्थी नादार झाल्यास किंवा त्याने संपत्ती हस्तांतरित करण्याचा प्रयत्न केल्यास त्याचा हितसंबंध संपुष्टात येईल, अशी अट शून्य आहे. भाडेपट्ट्यात घरमालकाच्या हितासाठी घातलेली अट एवढाच याला अपवाद आहे. इंग्लंडमधील संरक्षक न्यासाचा कणाच या कलमाने मोडला आहे.

(इ) लाभार्थीचा हस्तांतरणाचा हक्क : न्यास अधिनियमाच्या कलम ५८ नुसार, करार करण्यास सक्षम असलेला लाभार्थी आपला हितसंबंध प्रचलित कायद्याच्या अधीन राहून हस्तांतरित करू शकतो.

(ई) न्यास मोडण्याचा हक्क : १८४१ च्या साँडर्स विरुद्ध वॉटियर या इंग्लिश खटल्यातील तत्त्व कलम ५६ मध्ये समाविष्ट आहे. लाभार्थी एकटाच व सक्षम असेल, किंवा अनेक लाभार्थी सक्षम व एकमताचे असतील, तर ते विश्वस्ताकडून न्याससंपत्ती आपल्या नावे करून मागू शकतात. ‘मुलगा चाळीस वर्षांचा झाल्यावर मुद्दल द्यावे’ असे लिहिले आणि मुलगा एकटाच लाभार्थी असला, तर सज्ञान होताच तो ही मुदत निरर्थक करू शकतो.

(उ) पूर्ण देणगीनंतरची सूचना : भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम १३८ नुसार, मृत्युपत्राने एखादा निधी एखाद्याला पूर्णतः दिला आणि तो विशिष्ट रीतीनेच वापरावा अशी सूचना जोडली, तर ती सूचना नाहीच असे समजून निधी मिळण्याचा त्याला हक्क असतो.

(ऊ) जप्ती : दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० नुसार, ऋणकोसाठी दुसऱ्याने न्यासरूपाने धारण केलेली आणि ऋणकोला स्वतःच्या लाभासाठी विनियोग करता येईल अशी संपत्ती हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत जप्त होऊ शकते. मात्र याच कलमाच्या परंतुकात केवळ संभाव्य किंवा आशारूप हक्क आणि भावी निर्वाहाचा हक्क यांना जप्तीतून वगळले आहे.

या सर्व तरतुदींतून एक सुसंगत धोरण दिसते. भारतीय कायदा मालकाला संपत्ती कोणाला व किती द्यावी याचे मोठे स्वातंत्र्य देतो. पण एकदा निश्चित हक्क दिल्यावर त्या हक्काचे फायदे वारसाकडे आणि ओझे धनकोवर, अशी वाटणी त्याला मान्य नाही. संरक्षण हवे असेल तर निश्चित हक्क देण्याचे टाळावे लागते. हेच तत्त्व पुढील उदाहरणातून स्पष्ट होईल.

५. एक उदाहरण : चार पर्याय :

‘क’ हे निवृत्त प्राध्यापक आहेत असे समजू. त्यांची स्वकष्टार्जित सदनिका आणि ६० लाख रुपयांच्या ठेवी आहेत. त्यांचा मुलगा ‘ख’ व्यवसायात कर्जबाजारी झाला आहे, शिवाय ऋण काढून सण करण्याची त्याची सवय आहे. ‘ख’ला पत्नी आणि एक अज्ञान मुलगी आहे. या नातीचे शिक्षण व सुनेचे छप्पर सुरक्षित राहावे ही ‘क’ यांची चिंता आहे. त्यांच्यापुढे चार पर्याय संभवतात.

पहिला पर्याय : सर्व संपत्ती साध्या मृत्युपत्राने ‘ख’ला द्यावी. ‘क’ यांच्या निधनानंतर ती ‘ख’ची होते आणि त्याच्या धनकोंना तिची जप्ती मागता येते. येथे संरक्षण शून्य आहे.

दुसरा पर्याय : ६० लाख रुपये ‘ख’ला द्यावेत, पण त्याने दरमहा २० हजारच खर्च करावेत, असे मृत्युपत्रात लिहावे. व्यवहारात बहुसंख्य लोक हेच करतात. परंतु देणगी पूर्ण असल्याने कलम १३८ अन्वये ही सूचना बंधनकारक राहत नाही. वडिलांचा उपदेश कागदावर राहतो आणि रक्कम एकाच वेळी बाहेर पडते.

तिसरा पर्याय : रक्कम विश्वस्तांकडे द्यावी, ‘ख’ला तहहयात व्याज मिळावे आणि त्याच्यानंतर मुद्दल नातीला मिळावे. येथे मुद्दल सुरक्षित राहते. कारण ते ‘ख’चे कधीच होत नाही. नात अज्ञान असल्याने कलम ५६ अन्वये सर्वांनी एकमताने न्यास मोडण्याचा मार्गही ती सज्ञान होईपर्यंत बंद राहतो. मात्र व्याजावरील ‘ख’चा हक्क निश्चित असल्याने तो हस्तांतरणीय आहे व धनकोंच्या आवाक्यात येतो. उधळेपणापासून बरेचसे, तर धनकोंपासून अर्धवट संरक्षण, असे या पर्यायाचे स्वरूप आहे.

चौथा पर्याय : विवेकाधीन न्यास. ‘ख’, त्याची पत्नी व त्याची मुलगी हा लाभार्थींचा गट ठरवावा. त्यांपैकी कोणाला, केव्हा व किती रक्कम द्यावी हे पूर्णतः विश्वस्तांच्या विवेकावर सोपवावे. आणि अखेरीस मुद्दल नातीला मिळेल अशी तरतूद करावी. येथे विश्वस्तांनी निर्णय घेईपर्यंत ‘ख’चा कोणत्याही निश्चित रकमेवर हक्क नसतो. आपला विचार केला जावा एवढीच त्याची अपेक्षा असते. हे तत्त्व ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६८ साली गार्टसाइड खटल्यात मांडले होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली गोंडलच्या विक्रमसिंहजी यांच्या संपत्तीसंबंधीच्या करविषयक निकालात विवेकाधीन न्यासाचे हे स्वरूप मान्य केले. ज्यावर लाभार्थीचाच हक्क नाही, त्यावर त्याचा धनको हक्क सांगू शकत नाही. विश्वस्त नातीचे शुल्क थेट महाविद्यालयात भरू शकतात, घराची देखभाल परस्पर करू शकतात. मात्र ‘ख’च्या हाती किंवा त्याच्या खात्यात रक्कम पडली की ती त्याची झाली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

चौथ्या पर्यायात कलम १२ चा भंग होत नाही. नादारीमुळे ‘ख’चा हक्क काढून घेतला जात नाही; तो निश्चित हक्क मुळात दिलेलाच नसतो.

६. काही महत्त्वाच्या मर्यादा :

(अ) कोणती संपत्ती? : न्यास आपल्या मालकीच्या संपत्तीचाच करता येतो. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित संपत्तीत इतर सहदायादांचे हिस्से असतात आणि महाराष्ट्रात १९९४ च्या, तर देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही सहदायादाचा दर्जा मिळाला आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ३० नुसार व्यक्तीला अशा संपत्तीतील स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशाहून अधिक संपत्तीचे मृत्युपत्र करता येत नाही. गोव्यात वंशजांसाठी निम्मी संपत्ती राखून ठेवण्याचा नियम असल्याने उरलेल्या निम्म्याच भागाची मुक्त विल्हेवाट लावता येते. शेतजमिनीच्या बाबतीत कुळकायद्यातील बिगरशेतकऱ्यास हस्तांतरण करण्यावरील निर्बंधही विचारात घ्यावे लागतात.

(आ) स्वतःची देणी : न्यासकर्त्याने स्वतःच्या धनकोंना चुकविण्यासाठी केलेला न्यास टिकत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ नुसार, धनकोंना हुलकावणी देण्याच्या किंवा त्यांना विलंब लावण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण बाधित धनकोच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकते. प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० च्या कलम ५३ नुसार, विनामोबदला हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत सादर झालेल्या अर्जावरून हस्तांतरणकर्ता नादार ठरल्यास ते हस्तांतरणही रद्द होण्यास पात्र ठरते. मृत्युपत्राच्या बाबतीत तर मृताची देणी आधी आणि देणग्या नंतर, असाच क्रम आहे. म्हणून ‘ख’ने वारसा मिळाल्यावर घाईघाईने स्वतः न्यास करणे आणि ‘क’ यांनी ऋणमुक्त असताना आपल्या संपत्तीचा न्यास करणे, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी भिन्न आहेत.

(इ) कालमर्यादा : संपत्ती पिढ्यानपिढ्या बांधून ठेवता येत नाही. १८७२ च्या टागोर खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने याविषयी मूलभूत विवेचन केले. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर यांनी ख्रिस्ती झालेल्या आपल्या मुलास, ज्ञानेंद्रमोहन यांस, डावलून विश्वस्तांमार्फत संपत्तीचा दीर्घ क्रम लावून दिला होता. न्यासाचा उपयोग करणे हिंदूला मोकळे आहे. पण हिंदू कायद्याला अपरिचित असा वारसाक्रम त्याच्या आडून निर्माण करता येणार नाही, असे कौन्सिलने ठरविले. न जन्मलेल्या व्यक्तीस देणगी देण्याची मर्यादित मुभा हिंदूंना १९१६ च्या कायद्याने मिळाली. आज मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १४ नुसार हयात व्यक्तींचे आयुष्य व त्यानंतरच्या लाभार्थीचे अज्ञानत्व एवढ्या काळापलीकडे हितसंबंध लांबविता येत नाही. उत्पन्न साठवत राहण्याच्या सूचनेलाही कलम १७ ची मर्यादा आहे.

(ई) रद्द करण्याचा अधिकार : न्यासकर्त्याने न्यास केव्हाही रद्द करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला, तर ती संपत्ती खऱ्या अर्थाने त्याच्या हातातून गेलेली नसते. प्राप्तिकर कायदाही अशा न्यासाचे उत्पन्न न्यासकर्त्याचेच मानतो. संरक्षण हवे असेल तर ताबा सोडावा लागतो.

(उ) कर : लाभार्थींचे हिस्से अनिश्चित असलेल्या विवेकाधीन न्यासाच्या उत्पन्नावर सामान्यतः कमाल दराने प्राप्तिकर आकारला जातो. मृत्युपत्राने केलेला एकमेव न्यास हा याला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने हा अपवाद महत्त्वाचा आहे.

७. विश्वस्ताची निवड :

न्यास कितीही कुशलतेने लिहिला तरी त्याचे यश विश्वस्तावर अवलंबून असते. कलम १५ नुसार सर्वसामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या संपत्तीची घेईल तेवढी काळजी विश्वस्ताने घेतली पाहिजे. कलम २३ नुसार न्यासभंगामुळे झालेल्या हानीची भरपाई त्याला करावी लागते. कलम ५१ नुसार त्याला न्याससंपत्तीतून स्वतःचा फायदा करून घेता येत नाही आणि कलम ५० नुसार न्यासपत्रात तरतूद नसल्यास सामान्यतः त्याला मोबदलाही मिळत नाही. लाभार्थींना कलम ५७ अन्वये हिशेब तपासण्याचा हक्क आहे आणि अडचणीच्या प्रसंगी कलम ३४ अन्वये विश्वस्तास दिवाणी न्यायालयाचे मत मागता येते.

विवेकाधीन न्यासात उधळ्या वारसालाच एकमेव विश्वस्त करणे म्हणजे तिजोरीची किल्ली त्याच्याच हाती देणे होय. भावंडांपैकी एकाला विश्वस्त केल्यास दरवेळी नकार देण्याचे ओझे त्याच्यावर पडते आणि घरातील संबंध दुरावतात. कुटुंबातील एक व बाहेरील एक अशा दोन व्यक्ती नेमणे, त्यांच्यापैकी कोणी मृत्यू पावल्यास नवा विश्वस्त कसा नेमावा हे लिहून ठेवणे, आणि रकमेचा विनियोग करताना शिक्षण, औषधोपचार व निवारा यांना प्राधान्य द्यावे अशी मार्गदर्शक इच्छा नोंदविणे हे हितावह ठरते. ऑफिशियल ट्रस्टीज ॲक्ट, १९१३ अन्वये शासकीय विश्वस्ताचीही व्यवस्था आहे.

८. प्राध्यापकांच्या दृष्टीने काही जवळचे पर्याय :

प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र न्यासपत्राची गरज असतेच असे नाही. विवाहित स्त्रियांचा संपत्ती अधिनियम, १८७४ च्या कलम ६ मध्ये एक सुटसुटीत व्यवस्था आहे. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नीच्या किंवा मुलांच्या हितासाठी असल्याचे विमापत्रावरच नमूद करून घेतला, तर ते विमापत्रच न्यास मानले जाते. विम्याची रक्कम त्याच्या मालमत्तेचा भाग बनत नाही व त्याच्या धनकोंच्या कक्षेबाहेर राहते. ही तरतूद १९२३ पासून देशभरातील हिंदू, मुस्लिम, शीख व जैन यांनाही लागू झाली. धनकोंना फसविण्याच्या हेतूने घेतलेल्या विम्यास मात्र हे संरक्षण नाही. तसेच हे संरक्षण विमाधारकाच्या धनकोंपासून आहे, रक्कम घेणाऱ्या मुलाच्या धनकोंपासून नव्हे, हा भेद ध्यानात ठेवावा.

वारसांनीही एक गोष्ट जाणून घेणे आवश्यक आहे. मृत वडिलांच्या कर्जासाठी कायदेशीर वारस सामान्यतः मिळालेल्या संपत्तीच्या मर्यादेपर्यंतच जबाबदार असतो. हिंदू पुत्राचे वडिलांचे ऋण फेडण्याचे जे धार्मिक दायित्व न्यायालये मान्य करीत असत, ते २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जांबाबत संपुष्टात आले आहे. मात्र मुलाने स्वतः कर्जाला हमी दिली असेल, तर ती जबाबदारी त्याची स्वतःची असते.

९. धनकोंचा प्रश्न :

या विषयावरील चर्चेत धनको म्हणजे गब्बर सावकार किंवा मोठी बँक, असे चित्र गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती नेहमीच तशी नसते. महाविद्यालयीन सेवकांच्या पतसंस्थांमधून कर्ज घेताना सहकारीच एकमेकांना जामीन राहतात आणि कर्जदाराने हप्ते थकविले की जामीनदाराच्या वेतनातून कपात सुरू होते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४० नुसार, देणे फेडलेला जामीनदार मूळ धनकोच्या जागी येतो. तेव्हा ‘ख’चा धनको हा ‘क’ यांच्याच विभागातील एखादा सहकारी असू शकतो. घटस्फोटित पत्नी, वेतन थकलेला कामगार, उधारीवर माल दिलेला लहान दुकानदार हेही धनकोच असतात.

अमेरिकेतही याची जाणीव निर्माण झाली आहे. तेथील २००० सालच्या एकरूप न्यास संहितेत उधळ्यासाठीच्या न्यासाला मान्यता देतानाच मुलांच्या व पत्नीच्या निर्वाहाच्या आदेशांना अपवाद करण्यात आले. म्हणजे पूर्ण संरक्षणाच्या बाजूने गेलेल्या व्यवस्थेलाही काही धनको इतरांहून अधिक न्याय्य असल्याचे मान्य करावे लागले.

या दृष्टीने पाहता भारतीय कायद्याचा मध्यममार्ग समर्थनीय वाटतो. ‘क’ यांनी आपली संपत्ती ‘ख’ला दिलीच पाहिजे असा ‘ख’च्या धनकोंचा हक्क नाही, ते नातीला किंवा सुनेला ती थेट देऊ शकतात. कर्ज देणाऱ्याने ‘ख’ची ऐपत पाहून कर्ज दिलेले असते, त्याच्या वडिलांची नव्हे. परंतु ‘ख’ला निश्चित उत्पन्न द्यावयाचे, त्याने ते समाजात मिरवावयाचे, त्या बळावर पत निर्माण करावयाची आणि मागणी आली की न्यासपत्र पुढे करावयाचे, ही गोष्ट व्यवहारातील विश्वासालाच बाधक आहे. कलम १२ चे मर्म येथे आहे. विवेकाधीन न्यासही या कसोटीवर पाहिला पाहिजे. सून व नात यांच्या निर्वाहासाठी तो ढाल ठरत असेल तर तो इष्ट आहे. ‘ख’च्या चैनीला पडदा म्हणून तो वापरला जात असेल तर विश्वस्तांनीच त्याला आळा घातला पाहिजे. विश्वस्तांच्या हाती असलेला विवेक दोन्ही बाजूंनी वापरता येतो. योग्य वाटल्यास ते ‘ख’चे एखादे प्रामाणिक देणे फेडून त्याला मोकळा करण्यासाठीही त्याचा उपयोग करू शकतात, आणि तशी स्पष्ट मुभा न्यासपत्रात असणे चांगले.

१०. निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) भारतात ‘नादार झाल्यास हक्क संपेल’ किंवा ‘हस्तांतरण करू नये’ अशा नुसत्या अटींनी वारशाचे संरक्षण होत नाही.

(२) पूर्ण देणगी देऊन तिच्या वापरावर घातलेली सूचना मृत्युपत्रात निष्फळ ठरते.

(३) तहहयात हितसंबंधाचा न्यास मुद्दल वाचवितो, उत्पन्न वाचवीत नाही; विवेकाधीन न्यास दोहोंचे संरक्षण करतो, परंतु त्याची किंमत कर, व्यवस्थापन व वारसाचे स्वातंत्र्य या रूपांनी मोजावी लागते.

(४) न्यास हा न्यासकर्त्याच्या स्वतःच्या देण्यांतून सुटका करून घेण्याचा मार्ग नाही. तो ऋणमुक्त स्थितीत, वेळीच व जाहीरपणे केलेला असावा.

(५) एकाहून अधिक लाभार्थी, अखेरच्या मुद्दलाचा स्वतंत्र धनी आणि विश्वासू विश्वस्त या तीन गोष्टींवर अशा न्यासाची भिस्त असते.

प्रत्यक्ष न्यासपत्र करताना मुद्रांक शुल्क, नोंदणी व कर यांबाबत जाणकार वकिलाचा व सनदी लेखापालाचा सल्ला घेणे आवश्यकच आहे. तथापि सल्ला घेण्यासाठी जाताना आपणास संपत्ती वाचवावयाची आहे की त्या संपत्तीवर अवलंबून असलेली माणसे, याचा निर्णय कुटुंबप्रमुखाने आधी करावयास हवा. या उत्तरावरच वरीलपैकी कोणता पर्याय योग्य ते ठरते, आणि हा निर्णय त्याच्या वतीने कोणताही कायदा घेऊ शकत नाही.